स्थानक-उभारणीचा खर्च आणि रचना : बोरीबंदर ते कफ परेड – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

महाराष्ट्रात लोहमार्गाच्या आगमनास 2003 मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत राज्यातील नागरी वाहतुकीचे केंद्र भूपृष्ठावरून भूगर्भाकडे सरकू लागले. पुणे आणि मुंबई येथे भुयारी मेट्रोची स्थानके उभी राहिली व त्यांवर हजारो कोटी रुपये खर्च झाले. हा खर्च इतका मोठा का असतो, तो कोणत्या टप्प्यावर निश्चित होतो आणि त्याचा भार कोण वाहतो, या प्रश्नांचा प्रस्तुत शोधनिबंधात ऐतिहासिक दृष्टिकोनातून विचार केला आहे. एकोणिसाव्या शतकातील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची हमी-पद्धती, वऱ्हाडातील साधी स्थानके, बोरीबंदर येथील भव्य वास्तू आणि एकविसाव्या शतकातील भुयारी स्थानके यांची तुलना करून स्थानकाचा खर्च मुख्यतः सजावटीने नव्हे, तर खोली, लांबी, जागा आणि संख्या यांविषयीच्या पूर्वनिर्णयांनी ठरतो, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजसंज्ञा : लोहमार्ग, हमी-पद्धती, भुयारी स्थानक, मेट्रो, सार्वजनिक खर्च, नागरी इतिहास.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. मलकापूर आणि जलंब यांच्या दरम्यान वसलेल्या या गावातून जाणारा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने 1860 च्या दशकात घातला. हाच मार्ग 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. याच दशकाच्या आरंभी, 10 जानेवारी 1863 रोजी, लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा जगातील पहिला भुयारी प्रवासी लोहमार्ग सुरू झाला होता. म्हणजे वऱ्हाडच्या काळ्या मातीवर रूळ पडत होते, त्याच सुमारास साम्राज्याच्या राजधानीत रस्ते उकरून त्यांखाली स्थानके बांधली जात होती. महाराष्ट्रातील भुयारी स्थानके प्रवाशांसाठी खुली होण्यास मात्र 2023 साल उजाडावे लागले.

या दोन घटनांमधील अंतर केवळ तंत्रज्ञानाचे नाही. स्थानक कोठे असावे, किती मोठे असावे, त्यासाठी पैसा कोणी द्यावा आणि अंदाज चुकल्यास तोटा कोणी सोसावा, हे प्रश्न दोन्ही काळांत समान आहेत. नांदुऱ्यासारख्या गावातील नागरिक मुंबईच्या भुयारी मेट्रोने रोज प्रवास करीत नाही. तथापि राज्याच्या तिजोरीतून होणाऱ्या खर्चात आणि शासनाने स्वीकारलेल्या कर्जाच्या परतफेडीत त्याचाही वाटा असतो. दुसरीकडे, भारतीय रेल्वेच्या अमृत भारत स्थानक योजनेत नांदुरा स्थानकाचा समावेश असल्याने स्थानकावर पैसा कशासाठी खर्च करावा, हा प्रश्न त्याच्या दारातही आलेला आहे. म्हणून हा विषय केवळ महानगरांचा म्हणून सोडून देता येत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

1. एकोणिसाव्या शतकातील स्थानक-उभारणीमागील आर्थिक व्यवस्थेचा आढावा घेणे.
2. भुयारी स्थानकाची रचना व त्याच्या खर्चाची कारणे समजून घेणे.
3. पुणे व मुंबई येथील भुयारी स्थानकांचा खर्चाच्या दृष्टीने अभ्यास करणे.
4. स्थानकाच्या खर्चाविषयी नागरिकांनी व लोकप्रतिनिधींनी कोणते प्रश्न विचारावेत, हे सुचविणे.

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारित असून त्यात ऐतिहासिक, वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे. निरनिराळ्या काळातील रकमांची थेट तुलना दिशाभूल करणारी ठरते. म्हणून प्रत्येक रक्कम तिच्या वर्षासह दिली असून भर रकमेपेक्षा निर्णयप्रक्रियेवर ठेवला आहे.

हमी-पद्धती आणि वऱ्हाडातील स्थानके

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची स्थापना 1849 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने झाली आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. या कराराचा गाभा म्हणजे गुंतविलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी. लोहमार्गास फायदा झाला नाही, तरी भागधारकांस हे पाच टक्के भारताच्या महसुलातून मिळणार होते. शिवाय मार्गासाठी लागणारी जमीन सरकारने विनामूल्य द्यावयाची होती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, ती या व्यवस्थेच्या आधारावर.

या व्यवस्थेतील दोष समकालीनांच्याही लक्षात आला होता. भारतातील लोहमार्गांचा प्रारंभीचा अंदाज दर मैलास सुमारे 8 हजार पौंड इतका होता. हमी मिळालेल्या मार्गांचा प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला. भारत सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी 1872 मध्ये संसदीय समितीपुढे दिलेल्या साक्षीचा आशय असा की, पाच टक्के निश्चित असल्यामुळे आपला पैसा योग्य रीतीने खर्च होतो की नाही याची काळजी करण्याचे गुंतवणूकदारास कारण उरले नव्हते. खर्चाचा निर्णय एकाने घ्यावयाचा, भांडवल दुसऱ्याने द्यावयाचे आणि तूट भारतीय रयतेने भरावयाची, असे हे त्रांगडे होते. दादाभाई नौरोजी यांनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाच्या सिद्धांतात लोहमार्गांच्या भांडवलावरील व्याजाचा मुद्दा येतो, तो याच पार्श्वभूमीवर.

या खर्चाचा मोठा भाग घाटांतील बोगदे, पूल आणि परदेशातून आणलेले लोखंड यांवर झाला. थळ घाटातील मार्ग 1865 मध्ये खुला झाल्यानंतर वऱ्हाडाचा मुंबई बंदराशी संबंध जुळला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा भासत होता आणि वऱ्हाडचा कापूस त्यावरील उपाय ठरत होता. साहजिकच या प्रदेशातील स्थानकांची रचना प्रवाशांच्या सोयीपेक्षा मालवाहतुकीच्या गरजेतून घडली. मालधक्का, गाठी ठेवण्याची जागा, इंजिनास पाणी देण्याची सोय, तारघर आणि स्थानकप्रमुखाची कचेरी हे त्याचे मुख्य घटक होत.

अशा लहान स्थानकांची एक गोष्ट अभ्यसनीय आहे. प्रत्येक गावासाठी वेगळी वास्तू कल्पिण्याऐवजी स्थानकाचा दर्जा ठरवून त्या दर्जाचा नमुना-आराखडा वापरण्याची रीत लोहमार्ग कंपन्यांनी अंगीकारली. त्यामुळे आराखड्याचा खर्च वाचे, गवंडी व सुतारांस काम परिचयाचे होई आणि दुरुस्ती सुलभ होई. गावोगावच्या स्थानकांतील सारखेपणा ही कल्पनेची उणीव नव्हती. तो काटकसरीचा एक मार्ग होता.

नांदुऱ्याशेजारील जलंबपासून खामगावपर्यंतची शाखा 1870 मध्ये आणि बडनेरा ते अमरावती ही शाखा 1871 मध्ये सुरू झाली. या दोन्ही शाखा हमी-कंपनीच्या भांडवलातून नव्हे, तर सरकारी मार्ग म्हणून बांधल्या गेल्या व चालविण्यासाठी कंपनीकडे देण्यात आल्या. हमी-पद्धतीच्या अनुभवानंतर सरकारने स्वतः लोहमार्ग बांधण्याचे धोरण 1869 च्या सुमारास स्वीकारले होते. त्या धोरणाच्या आरंभीच्या खुणा बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांत आढळतात, ही स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. पुढे 1900 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सरकारने विकत घेतली आणि 1925 मध्ये तिचे व्यवस्थापनही आपल्याकडे घेतले.

बोरीबंदर : भव्यतेची किंमत

वऱ्हाडातील काटकसरीच्या अगदी उलट उदाहरण त्याच कंपनीने मुंबईत उभे केले. बोरीबंदर येथील नव्या टर्मिनसचे काम 1878 मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरियन गॉथिक शैलीस भारतीय अलंकरणाची जोड दिली. दगडी कोरीवकाम, घुमट, रंगीत काचा आणि शिल्पे यांनी ही वास्तू सजली. अलंकरणाच्या कामात सर जमशेटजी जीजीभाय कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता. 1887 मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिला व्हिक्टोरिया टर्मिनस असे नाव देण्यात आले. या वास्तूस सुमारे 16 लाख 14 हजार रुपये खर्च आला. 1996 मध्ये तिचे नामांतर छत्रपती शिवाजी टर्मिनस असे झाले, 2004 मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला आणि 2017 मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द जोडण्यात आला.

या उदाहरणावरून स्थानकाचा खर्च म्हणजे सजावटीचा खर्च, असा समज होणे स्वाभाविक आहे. भूपृष्ठावरील स्थानकाच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. तेथे जमीन समतल असते, हवा व प्रकाश निसर्गतः मिळतात, पाया फार खोल न्यावा लागत नाही. त्यामुळे दगड, शिल्प आणि घुमट यांचा एकूण खर्चातील वाटा मोठा असतो. भूगर्भात मात्र हे गणित पूर्णतः पालटते. तेथे आधी जागाच निर्माण करावी लागते.

भुयारी स्थानकाचा उदय

लंडनचा पहिला भुयारी मार्ग खोदून झाकण्याच्या पद्धतीने बांधला गेला. रस्ता उकरावयाचा, बाजूच्या भिंती बांधावयाच्या, वर कमान घालावयाची आणि पुन्हा रस्ता करावयाचा, असा हा क्रम होता. वाफेच्या इंजिनांचा धूर बाहेर जावा म्हणून स्थानके उथळ ठेवणे भागच होते. 1890 मध्ये विजेवर चालणारा सिटी अँड साउथ लंडन रेल्वे हा खोल मार्ग सुरू झाल्यावर भुयार रस्त्याच्या मर्यादेतून मुक्त झाले. त्याबरोबरच प्रवाशास खाली नेण्याचा आणि वर आणण्याचा खर्च जन्मास आला.

मॉस्कोत 1935 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने स्थानकास राजकीय प्रतीकाचे रूप दिले. संगमरवर, झुंबरे आणि भित्तिचित्रे यांनी ती स्थानके श्रमिकांचे प्रासाद म्हणून सजविली गेली. याउलट स्पेनची राजधानी माद्रिद येथे 1995 ते 2003 या काळात शंभर किलोमीटरहून अधिक मेट्रोमार्ग तुलनेने अल्प खर्चात बांधला गेला. त्या कामाचे सूत्रधार अभियंता मान्युएल मेलिस यांनी साधी, सारख्या नमुन्याची, शक्य तेथे वरून खोदलेली स्थानके आणि शीघ्र निर्णय यांवर भर दिला होता. न्यूयॉर्क येथील सेकंड अव्हेन्यू मार्गाचा पहिला टप्पा 1 जानेवारी 2017 रोजी सुरू झाला. त्यात नवी स्थानके केवळ तीन, मार्गाची लांबी तीन किलोमीटरच्या आत आणि खर्च सुमारे 4.5 अब्ज डॉलर होता. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी जगभरच्या मेट्रोखर्चाचा तौलनिक अभ्यास केला असता, फलाटाच्या गरजेपेक्षा फार मोठ्या खोदलेल्या पोकळ्या हे या खर्चाचे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले.

भारतात हा इतिहास कोलकात्यापासून सुरू होतो. तेथील मेट्रोची पायाभरणी 29 डिसेंबर 1972 रोजी झाली आणि पहिली गाडी 24 ऑक्टोबर 1984 रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या 3.4 किलोमीटर अंतरावर धावली. पाच स्थानकांसाठी जवळजवळ बारा वर्षे लागली. गजबजलेले रस्ते वर्षानुवर्षे उकरलेले राहिल्याने व्यापारी व रहिवासी यांना सोसावा लागलेला त्रास कोणत्याही जमाखर्चात नोंदला गेला नाही. दिल्लीचा पहिला भुयारी टप्पा डिसेंबर 2004 मध्ये खुला झाला. त्या कामातून घडलेला अनुभव पुढे महाराष्ट्रातील प्रकल्पांस उपयोगी पडला.

भुयारी स्थानकाची रचना व खर्चाची कारणे

सामान्य भुयारी स्थानक म्हणजे जमिनीत पुरलेली काँक्रीटची एक प्रचंड पेटी होय. तिच्या तळाशी फलाट व रूळ, त्यावरील मजल्यावर तिकीटघर व तपासणीची जागा, दोन्ही टोकांस वायुवीजन, वीजपुरवठा व संकेतयंत्रणा यांच्या खोल्या आणि वर रस्त्याच्या कडेस प्रवेशद्वारे अशी तिची मांडणी असते. ही पेटी बांधण्याच्या दोन मुख्य रीती आहेत.

पहिली म्हणजे वरून खोदण्याची ‘कट अँड कव्हर’ पद्धत. प्रथम भूमिगत जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबल हलविल्या जातात. त्यानंतर कडेने खोल भिंती किंवा काँक्रीटचे खांब घालून आतील माती व खडक काढला जातो. वाहतूक चालू राहावी म्हणून खड्ड्यावर लोखंडी तात्पुरते छत टाकले जाते. दुसरी ‘नाटम’ या नावाने ओळखली जाणारी नवीन ऑस्ट्रियन बोगदा पद्धत. हिच्यात एका मर्यादित कूपातून खाली उतरून खडक थोडाथोडा फोडीत, लगेच फवाऱ्याच्या काँक्रीटने व पोलादी आधारांनी सावरीत आतूनच पोकळी निर्माण केली जाते. पहिली पद्धत सामान्यतः स्वस्त, परंतु रस्ता व्यापणारी. दुसरी वरील वस्ती वाचविणारी, परंतु मंद, जोखमीची व महाग. कोणती पद्धत वापरावी हे बहुधा अभियंत्याच्या आवडीवर नव्हे, तर स्थानकाची जागा आधी कोठे ठरली यावर अवलंबून असते.

खर्चाचे गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. 200 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि 20 मीटर खोल स्थानकासाठी 80 हजार घनमीटर खोदाई करावी लागते. तेच स्थानक 30 मीटर खोल नेल्यास खोदाई 1 लाख 20 हजार घनमीटर होते. खोली तेवढीच ठेवून यंत्रांच्या खोल्यांसाठी लांबी 50 मीटरने वाढविली, तर ती 1 लाख घनमीटरवर जाते. शिवाय खोलीबरोबर भिंतींवरील मातीचा व पाण्याचा दाब वाढतो, भिंती जाड होतात, सरकते जिने लांबतात आणि उद्वाहनांचा प्रवास वाढतो. म्हणजे खर्च खोदाईच्या प्रमाणाहूनही अधिक वेगाने चढतो.

फलाटाची लांबी गाडीच्या डब्यांवर ठरते. आठ डब्यांच्या गाडीस तीन डब्यांच्या गाडीपेक्षा कितीतरी लांब फलाट लागतो. भूपृष्ठावर फलाट पुढे वाढविता येतो. भूगर्भात तो आरंभीच पुरेसा ठेवावा लागतो. येथे अतिरिक्त काटकसरही घातक ठरू शकते, कारण लहान बांधलेले भुयारी स्थानक पुढे मोठे करणे जवळपास नव्याने बांधण्याइतकेच कठीण असते.

जिने, मार्गिका व प्रवेशद्वारे यांची संख्या सुरक्षेच्या निकषांवर ठरते. आगीच्या प्रसंगी 4 मिनिटांत फलाट रिकामा व्हावा आणि 6 मिनिटांत प्रवासी सुरक्षित ठिकाणी पोहोचावेत, हा एनएफपीए 130 या अमेरिकी मानकातील निकष जगभर प्रमाण मानला जातो. धूर बाहेर खेचणारे पंखे, पाण्याचा उपसा, पर्यायी वीज आणि फलाटाच्या कडेचे काचेचे दरवाजे हे सर्व त्यातूनच येते. हा खर्च प्रवाशाच्या नजरेस पडत नाही, परंतु तो टाळताही येत नाही. भिंतीवरील चित्रे, फरशी आणि प्रवेशद्वाराची कमान प्रथम डोळ्यांत भरते. एकूण रकमेत मात्र तिचा वाटा सामान्यतः लहान असतो.

पुण्यातील भुयारी स्थानके

पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांना डिसेंबर 2016 मध्ये केंद्र शासनाची मंजुरी मिळाली. त्यांचा मंजूर खर्च 11,420 कोटी रुपये होता. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गाचा शहराच्या मध्यभागातील हिस्सा भुयारी असून त्यावर शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाच स्थानके आहेत. मुठा नदीच्या पात्राखालून व जुन्या पेठांखालून बोगदे नेण्यात आले. पेठांमधील अरुंद रस्ते व जुने वाडे पाहता तेथे उन्नत मार्ग उभारणे व्यवहार्य नव्हते.

जिल्हा न्यायालय स्थानकाची खोली सुमारे 33 मीटर आहे. तेथे भुयारी व उन्नत असे दोन मार्ग एकमेकांस छेदतात. वरील मोकळ्या छतातून सूर्यप्रकाश खालपर्यंत पोहोचावा अशी योजना केली असल्याने खोलीची बाधा प्रवाशास कमी जाणवते. या स्थानकापर्यंतची सेवा 1 ऑगस्ट 2023 रोजी आणि तेथून स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला. या दुसऱ्या टप्प्याचा खर्च सुमारे 1,810 कोटी रुपये सांगण्यात आला.

खर्चाच्या अभ्यासास सर्वाधिक उपयोगी उदाहरण पुढील विस्ताराचे आहे. स्वारगेट ते कात्रज हा 5.46 किलोमीटरचा संपूर्ण भुयारी मार्ग केंद्र शासनाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केला. त्यात मार्केट यार्ड, पद्मावती व कात्रज अशी तीन स्थानके होती आणि खर्च 2,954.53 कोटी रुपये अपेक्षित होता. स्थानकांमधील अंतर अधिक असल्याने वाढीव स्थानकांची मागणी झाली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी दोन स्थानके व कात्रज स्थानकाच्या जागेतील बदल यांसाठी सुमारे 683 कोटी रुपयांच्या वाढीव खर्चास मान्यता दिली. मार्ग मूलतः तोच असता मूळ खर्चात सुमारे 23 टक्के भर पडली. भुयारी मेट्रोचा खर्च केवळ बोगद्याचा नसून स्थानकांचा असतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

तथापि ही दोन स्थानके अनावश्यक होती, असा याचा अर्थ नाही. दोन स्थानकांमधील अंतर फार झाल्यास मधल्या वस्तीस गाडी पायाखालून जाऊनही तिचा उपयोग होत नाही. प्रश्न एवढाच की, ही गरज मूळ आराखड्यातच ओळखली गेली असती, तर जागा, निविदा व कालावधी यांचे नियोजन एकाच वेळी करता आले असते.

मुंबईची तिसरी मार्गिका

मुंबई मेट्रोची तिसरी मार्गिका आरे ते कफ परेड अशी 33.5 किलोमीटर लांबीची असून तिच्यावर 27 स्थानके आहेत. त्यांपैकी 26 भुयारी आहेत. या प्रकल्पास 2013 मध्ये केंद्र शासनाची मंजुरी मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज 23,136 कोटी रुपये होता. ऑगस्ट 2022 मध्ये राज्य शासनाने सुमारे 33,406 कोटींचा सुधारित अंदाज स्वीकारला. संपूर्ण मार्गिका पूर्ण झाली तेव्हा हा आकडा सुमारे 37,276 कोटींवर गेला होता. मूळ अंदाजाच्या तुलनेत ही वाढ सुमारे 61 टक्के आहे. निधीचा मोठा भाग जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या कर्जातून आला. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा मे 2025 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा अंतिम टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला.

बोगद्यांसाठी 17 टीबीएम यंत्रे वापरण्यात आली. अखेरचा बोगदा नोव्हेंबर 2022 मध्ये महालक्ष्मी येथे पूर्ण झाला. याचा अर्थ असा की, बोगदे पूर्ण झाल्यानंतरही संपूर्ण मार्गिका खुली होण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. स्थानकांची बांधणी, यंत्रणा आणि चाचण्या यांत हा काळ गेला. काळाच्या हिशेबातही स्थानकाचे वजन किती असते, हे यावरून कळते.

दक्षिण मुंबईतील काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड आणि हुतात्मा चौक येथे वरून रुंद खड्डा खणण्यास वाव नसल्याने नाटम पद्धतीचा आश्रय घ्यावा लागला. बेसाल्टसारख्या कठीण खडकाबरोबरच ब्रेशियासारखा तुलनेने दुबळा खडकही मुंबईच्या भूगर्भात आढळतो. वर शतकभराच्या चाळी, दुकाने व वारसा इमारती होत्या. गिरगाव व काळबादेवी येथे काही चाळी पाडून रहिवाशांचे त्याच परिसरात पुनर्वसन करण्याची योजना स्वीकारण्यात आली. मराठी मध्यमवर्गाच्या सांस्कृतिक जीवनाचे जे केंद्र होते, तेथील रहिवाशांना आपले घर सोडून काही वर्षे दुसरीकडे राहण्याची वेळ आली. स्थानकाच्या खर्चात या विस्थापनाचाही समावेश होतो. त्याचा आर्थिक भाग प्रकल्पाच्या हिशेबात येतो, सामाजिक भाग येत नाही.

खर्चवाढीस केवळ अभियांत्रिकी कारणीभूत नव्हती. आरे येथील कारशेडचा प्रश्न 2019 पासून वादग्रस्त ठरला. वृक्षतोडीस विरोध, कामास स्थगिती, 2020 मध्ये कांजूरमार्ग येथे जागा बदलण्याचा निर्णय, त्यास न्यायालयाची स्थगिती आणि 2022 मध्ये पुन्हा आरेचा स्वीकार असा हा प्रवास झाला. पर्यावरणाचा प्रश्न खरा होता आणि विलंबाची किंमतही खरी होती. कारशेडच्या जागेचा असा निर्णय पायाभरणीपूर्वी खुल्या चर्चेतून झाला असता, तर दोन्ही बाजूंचे हित साधण्यास अधिक वाव राहिला असता.

26 मे 2025 रोजी झालेल्या अतिवृष्टीत नव्याने सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी शिरले आणि सेवा वरळीपर्यंतच मर्यादित ठेवावी लागली. प्रवेशद्वार हा स्थानकाचा शोभेचा भाग नसून पावसाळ्यातील बांध आहे, हा धडा मुंबईसारख्या शहरास या घटनेने दिला.

या मार्गिकेवरील मुंबई सेंट्रलजवळच्या स्थानकास जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देण्यात आले आहे. मुंबईत लोहमार्ग यावा यासाठी 1840 च्या दशकात प्रयत्न करणाऱ्यांत ते अग्रणी होते. पहिल्या लोहमार्गाच्या पुरस्कर्त्याचे नाव पहिल्या भुयारी मार्गिकेने धारण करावे, हा इतिहासाचा उचित सन्मान म्हणावा लागेल.

विदर्भाच्या संदर्भात तुलना

नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा 2014 मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याची लांबी सुमारे 38.2 किलोमीटर आणि खर्च 8,680 कोटी रुपये होता. या टप्प्यात एकही भुयारी स्थानक नाही. मार्ग उन्नत किंवा जमिनीलगत आहे. मंजूर अंदाजानुसार नागपूरचा खर्च दर किलोमीटरला सुमारे 227 कोटी, स्वारगेट–कात्रज विस्ताराचा मूळ अंदाज दर किलोमीटरला सुमारे 541 कोटी, तर मुंबईच्या तिसऱ्या मार्गिकेचा अंतिम खर्च सुमारे 1,113 कोटी रुपये येतो. वर्षे, गाड्यांची लांबी, भूगर्भ आणि जागांचे मोल भिन्न असल्याने ही तुलना स्थूल मानावी. तरीही भूगर्भात जाण्याचा निर्णय हाच सर्वांत महाग निर्णय असतो, हे त्यातून स्पष्ट होते. नागपूरच्या रुंद रस्त्यांस उन्नत मार्ग शोभला. गिरगावास तो मानवला नसता. स्थळानुरूप निर्णय घेणे हीच खरी काटकसर होय.

निष्कर्ष

1. स्थानकाच्या खर्चाचा मोठा भाग खोदकामास आरंभ होण्यापूर्वीच ठरलेला असतो. जागा, खोली, लांबी आणि स्थानकांची संख्या हे चार निर्णय एकदा झाले की पुढे फरशी वा रंग यांत केलेली काटकसर फारसा फरक पाडत नाही.

2. बोरीबंदरची भव्यता भूपृष्ठावरील वास्तूची होती. तिच्या आधारे भुयारी स्थानकाचे मूल्यमापन करणे योग्य नाही. भुयारी स्थानकात सर्वांत महाग वस्तू म्हणजे रिकामी जागा होय.

3. हमी-पद्धतीत निर्णय घेणारा आणि तूट भरणारा भिन्न होते. म्हणून अंदाज कोलमडले. आजची व्यवस्था लोकशाहीची आहे आणि मार्ग जनतेच्या मालकीचे आहेत, हा भेद मूलभूत आहे. परंतु वाढलेल्या खर्चाची जबाबदारी निश्चित होत नसेल, तर जुन्याच दोषाची छाया नव्या प्रकल्पांवर पडते.

4. वऱ्हाडातील लहान स्थानकांचा नमुना-आराखडा आणि माद्रिदची सारखी स्थानके यांत एकच तत्त्व आढळते. जे वारंवार बांधावयाचे आहे, ते साधे व समान असावे आणि वेगळेपण जेथे खरोखर गरज आहे तेथेच असावे.

5. विस्थापन, विलंब व दैनंदिन गैरसोय यांचीही किंमत असते. प्रकल्प-अहवालात तिची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक आहे.

राज्यात यापुढेही भुयारी स्थानके होतील आणि नांदुऱ्यासारख्या स्थानकांचे नूतनीकरणही होईल. एका ठिकाणी हजारो कोटींचा, दुसऱ्या ठिकाणी काही कोटींचा प्रश्न असेल. परंतु दोन्हीकडे विचारावयाचे प्रश्न सारखेच आहेत. स्थानक किती खोल, किती लांब व का. प्रवाशास दारापासून फलाटापर्यंत किती चालावे लागेल. पावसाचे पाणी कोठून जाईल. अंदाज चुकल्यास उत्तर कोण देईल. प्रवेशद्वाराच्या कमानीची चर्चा त्यानंतर करता येईल. 1849 च्या करारात रयतेला हे प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आज तो आहे, आणि त्याचा वापर आराखडा कागदावर असतानाच झाला तर त्याचा खरा लाभ मिळेल.